मोतीरामची पक्की नोंद

पैनगंगेच्या काठच्या एका गावात मोतीराम डाखोरे नावाचा एक भोळा मुलगा राहत होता. भोळा असूनही तो इतिहासात एम.ए. करत होता. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात. मी फार शिकलेल्या लोकांत आयुष्य काढले आहे, त्यामुळे मला याची खात्री आहे. निदान होती.

मोतीरामचा एक गुण होता. त्याला जे सांगावे ते तो करी, आणि अगदी तेच करी. ते कुठे करायचे, हे मात्र त्याला कधी कुणी सांगितले नाही.

त्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी, गावंडे सरांनी, दोन वर्षे पत्रे लिहून दिल्लीच्या एका संग्रहालयात एका विद्यार्थ्याची सोय लावली. सहा आठवडे इंटर्न म्हणून राहायचे, काम शिकायचे, राजधानी पाहायची. पहिला नंबर मोतीरामचा लागला. एसटी स्टँडवर सर त्याला म्हणाले, "हे बघ, तू सहा आठवडे नीट काढलेस तर ते लोक दरवर्षी आपला एक विद्यार्थी घेणार आहेत. दरवर्षी एक! घोळ घातलास तर पुन्हा कुणीच नाही. समजलं?"

"समजलं जी सर. दरवर्षी एक."

पुढच्या वर्षी कविता राठोडचा नंबर होता. ती तांड्यावरून रोज सहा किलोमीटर सायकल मारत कॉलेजला येई. तांड्यावरच्या बायकांच्या घागऱ्यांवरचे टाके ती वहीत काढून ठेवी. अशा वह्यांचे पुढे काय करतात हे तिला दिल्लीला जाऊन बघायचे होते. तीही स्टँडवर आली होती.

"मोतीदादा, माझी जागा तुमच्या हातात आहे," ती म्हणाली. "तिथं डोकं चालवू नका. सांगतील तेवढंच करा."

"तेवढंच करतो," मोतीराम म्हणाला. आणि एसटी निघाली.

दिल्लीतली माणसे हिंदीत बोलत. मी ते मराठीत सांगतो.

पहिल्या दिवशी मोतीराम दहाच्या ठोक्याला संग्रहालयात पोचला. ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या देगावकर मॅडम अजून यायच्या होत्या. दरवानाने सांगितले, "बसा." मोतीरामने इकडेतिकडे पाहिले. दालनात एकच खुर्ची होती. मोठी, कोरीव, सिंहाच्या पायांची. तिच्याभोवती लाल दोर होता. मोतीरामने दोर उचलला, आत जाऊन बसला आणि दोर परत जागेवर लावला. मग त्याने आईने दिलेली दशमी काढली.

तेवढ्यात शाळेची सहल आली. बाई मुलांना म्हणाल्या, "पाहा, जमीनदाराचा पुतळा किती हुबेहूब केलाय." मुलांनी ते वहीत लिहून घेतले. मग पुतळ्याने दशमीचा दुसरा घास घेतला.

किंकाळ्या ऐकून देगावकर मॅडम धावत आल्या. त्या मूळच्या सोलापूरच्या. तीस वर्षे दिल्लीत होत्या, पण रागावताना सोलापूरलाच जात.

"अरे ऊठ! दीडशे वर्षांची खुर्ची आहे ती! जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो. हात मागे बांधायचे, चार पावलं लांब उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. दुसरं कुणी हात लावायला गेलं तर त्यालाही नम्रपणे अडवायचं. कळलं का?"

"बरं झालं जी, सांगितलं," मोतीराम म्हणाला. "आता चुकणार नाही."

आणि तो चुकला नाही.

त्याची राहायची सोय एका शीख कुटुंबाकडे, गच्चीवरच्या खोलीत झाली होती. घरात सतवंत आंटी होत्या आणि त्यांचे सासरे दारजी होते. दारजी सत्त्याऐंशी वर्षांचे. संध्याकाळी मोतीराम कामावरून आला तेव्हा दारजी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले होते. काठी हातातून सुटून खाली गेली होती.

"बेटा, जरा हात दे," दारजी म्हणाले.

मोतीरामने त्यांच्याकडे पाहिले. वस्तू जुनी होती यात शंका नव्हती. त्याने दोन्ही हात मागे बांधले, चार पावले मोजून लांब झाला आणि बघत उभा राहिला.

"अरे, बघतोस काय?"

"फार सुंदर," मोतीराम म्हणाला.

शेजारचा दूधवाला दारजींना उठवायला पुढे झाला. मोतीराम आडवा आला. "कृपया हात लावू नका. लांबून बघा."

"का?"

"सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत."

दूधवाल्याला यात चूक काढता येईना, म्हणून तोही चार पावले लांब उभा राहिला. मग पेपर टाकणारा आला, इस्त्रीवाला आला. सतवंत आंटी बाजारातून आल्या तेव्हा चौघे हात मागे बांधून दारजींकडे बघत होते, आणि दारजी पंजाबीत बोलत होते. ते काय बोलत होते ते मी लिहीत नाही.

दारजींना वर नेऊन बसवल्यावर आंटींनी मोतीरामला समोर उभे केले. "तुला घरी म्हातारं कुणी नाही का रे? म्हातारा माणूस दिसला की विचारत बसायचं नाही. दंडाला धरायचं, सावलीत न्यायचं, बसवायचं आणि पाणी पाजायचं. नको नको म्हणतात ते, लाजतात. ऐकायचं नाही!"

"बरं झालं जी, सांगितलं. आता चुकणार नाही."

रविवारी मोतीराम किल्ला बघायला गेला. तिकीट काढून आत आला तर भर उन्हात एक म्हातारा उभा. पांढरी दाढी, हातात काठी, काठीला पिवळा झेंडा. मोतीरामने विचारले नाही. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला आणि चालू लागला.

"अहो! सोडा! कोण तुम्ही?"

लाजतोय, असे मोतीरामला वाटले. म्हातारा जोर लावत होता, पण मोतीराम गावाकडे मारके बैल आवरत असे. त्याने म्हाताऱ्याला लिंबाखाली नेले, बसवले, आणि आपल्या बाटलीतले पाणी पाजले. मग मागे वळून पाहिले तर चाळीस माणसे रांगेने लिंबाखाली येऊन बसली होती आणि आपापल्या बाटलीतले पाणी पीत होती.

तो म्हातारा गाइड होता. अश्फाकमियाँ त्यांचे नाव. ती चाळीस माणसे नडियादहून आली होती. त्यांना सकाळीच सांगून ठेवले होते की झेंडा जाईल तिकडे यायचे. एका काकूंनी लिंबाचा फोटो काढला आणि खाली लिहिले, दिवाण-ए-आम.

अश्फाकमियाँनी दाढीवरचे पाणी पुसले. "जनाब, तीस वर्षं मी या किल्ल्यात माणसं फिरवतोय. आज पहिल्यांदा मलाच कुणी फिरवलं. शहरात नवे आहात, एक गोष्ट शिकून ठेवा. झेंडा दिसला की झेंड्याला ओढायचं नाही. मुकाट झेंड्यामागं चालायचं. झेंडा थांबला की थांबायचं, बसला की बसायचं. म्हणजे माणूस चुकत नाही."

"बरं झालं जी, सांगितलं. आता चुकणार नाही."

सोमवारी सकाळी मोतीराम कामाला निघाला. नाक्यावर त्याला झेंडा दिसला. एक नव्हे, साठ-सत्तर झेंडे. मोतीराम मुकाट मागे चालू लागला. चौकात झेंडे थांबले, तो थांबला. मांडवात झेंडे बसले, तो बसला. कुणी तरी गळ्यात हार घातला, त्याने मान वाकवली. संध्याकाळी पाचला कुणी तरी लिंबू सरबत पाजले, ते तो प्यायला. मग झेंडे घरी गेले, म्हणून तोही गेला.

मंगळवारी मॅडमनी वर्तमानपत्र त्याच्या पुढ्यात टाकले. फोटो मोठा होता. खाली छापले होते, निवृत्त कर्मचाऱ्यांचे वाढीव पेन्शनसाठी साखळी उपोषण. पहिल्या रांगेत, पांढऱ्या डोक्यांच्या मधोमध, हार घातलेला मोतीराम बसला होता.

"तू कधी निवृत्त झालास?" मॅडमनी विचारले.

"नाही झालो जी."

"मग बसलास कशाला?"

"झेंडा बसला, मी बसलो."

"मागणी काय होती ते तरी विचारलंस?"

"नाही जी. पण सरबत गोड होतं."

मॅडमनी डोळे मिटले आणि बहुधा दहापर्यंत आकडे मोजले. त्या वाईट बाई नव्हत्या. या मुलाला परत पाठवले तर त्याच्या कॉलेजचे दार बंद होईल हे त्यांना ठाऊक होते. बंद दारे त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्यांनी मोतीरामला संग्रहालयाच्या मागच्या दारावर नेले. तिथे एक टेबल, एक जाडजूड रजिस्टर आणि एक कुलूपबंद खोली होती.

"न ओळखता कशाच्याही मागं जायचं नाही," त्या म्हणाल्या. "इथं बस. या दारानं जे काही आत येईल ते आधी नीट बघायचं. काय आहे, कुठून आलं, किती सालचं. मग अवस्था लिहायची. कुठं तडा आहे, कुठं रंग उडालाय, नंतर काय बसवलंय, कीड आहे का. क्रमांक द्यायचा, चिठ्ठी बांधायची, आणि त्या खोलीत पंधरा दिवस कुलपात ठेवायचं. आत कीड असली तर तेवढ्यात बाहेर पडते. मग दालनात. कुणाचीही वस्तू असो, अपवाद नाही."

"बरं झालं जी, सांगितलं."

आणि इथे आश्चर्य घडले. मोतीराम खरेच चुकला नाही. मागच्या दाराने टोपल्या येत, सुपे येत, कणग्या येत, आणि मोतीराम एकेक वस्तू उलटीसुलटी करून लिही. "सूप. बांबूचे. उजव्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलेले. शेणाने सारवलेले, सारवणारीची तीन बोटे उमटलेली." ती तीन बोटे याआधी कुणाला दिसली नव्हती. मॅडम ती नोंद दोनदा वाचून गेल्या.

राजधानीही त्याला मानवू लागली. राजमा-चावल तो बोटे चाटून खाऊ लागला. दारजींचा राग गेला, आणि ते दर रविवारी त्याला एक घुमट दाखवू लागले. मोतीराम त्यांना दंडाला धरून नेई, सावलीत बसवी, पाणी पाजी. या कामाला तो सल्ला चांगलाच लागू पडला. असा पाचवा आठवडा संपत आला. मॅडमनी गावंडे सरांना फोनवर सांगितले, "तुमचा मुलगा रुळला. दरवर्षी एक पाठवायला हरकत नाही, असं मला वाटायला लागलंय."

हे त्यांनी शुक्रवारी सांगितले. सोमवारी नव्या दालनाचे उद्घाटन होते.

उद्घाटनाला भटनागर साहेब यायचे होते. मोठे सचिव होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पुढच्या दारी गालिचा अंथरणे चालू होते. साहेब अर्धा तास लवकर आले आणि गर्दी टाळावी म्हणून गाडी मागे घेऊन मागच्या दाराने आत शिरले. दारात मोतीराम बसला होता.

"नाव?" मोतीरामने विचारले.

"भटनागर." साहेबांचे सारे आयुष्य सरकारी दारांतून आत-बाहेर करण्यात गेले होते. विचारल्यावर उत्तर द्यायची त्यांना सवय होती.

"कुठून आलात?"

"मूळचा लखनौचा."

"साल?"

"अठ्ठावन्न."

"जरा वळा. पूर्ण वळा. तोंड उघडा."

साहेब वळले. साहेबांनी तोंड उघडले. सुरक्षेचे नियम दिवसेंदिवस कडक होत चालले आहेत, असे त्यांना वाटले, आणि ते त्यांना आवडले. मोतीरामने त्यांना दोन जिने चढायला लावून उतरवले, कान लावून ऐकले, मग रजिस्टरात लिहिले आणि कोटाच्या बटणाला चिठ्ठी बांधली. क्रमांक सहाशे एकोणचाळीस.

"आत बसा," तो म्हणाला. खोली थंड होती, शांत होती, खुर्ची होती. साहेब बसले. मोतीरामने बाहेरून कुलूप लावले.

पुढच्या दारी मॅडम हार घेऊन उभ्या होत्या. पाऊण तास झाला. फुले मलूल झाली. सनईवाल्याने तिसऱ्यांदा तोच राग धरला. शेवटी कुणी तरी म्हणाले की साहेबांची गाडी तर मागे उभी आहे. मॅडम धावत मागच्या दाराशी आल्या.

"मोतीराम! साहेब आले का इकडून?"

"आले की जी. सहाशे एकोणचाळीस."

"कुठं आहेत?"

"पंधरा दिवसांनी निघतील. कीड वाटत नाही, पण अपवाद नाही म्हणाला होतात तुम्ही."

मॅडमनी किल्ली हिसकावली. आत भटनागर साहेब चष्मा लावून बटणावरची चिठ्ठी वाचत होते. चिठ्ठीवर होते, "गृहस्थ. एक नग. लखनौ, १९५८. माथ्यावरचा थर उडालेला. वरचा एक दात नंतर बसवलेला. डाव्या गुडघ्यात चढताना आवाज, उतरताना नाही. बाहेरून कडक, आतून बराच मऊ. पूर्वी पुष्कळ वापर झालेला असावा. सध्या वापर नाही. एकूण अवस्था चांगली. जपावे."

"साहेब, क्षमा करा," मॅडम म्हणाल्या.

साहेब सावकाश म्हणाले, "छत्तीस वर्षं नोकरी केली. दरवर्षी माझा गोपनीय अहवाल कुणी ना कुणी लिहायचं. इतका खरा एकानंही लिहिला नाही." मग त्यांनी मोतीरामकडे पाहिले. "फक्त गुडघा उजवा आहे."

"माझ्या बाजूनं डावा दिसला जी."

"आत्ता खोडते ही नोंद," मॅडमनी रजिस्टर ओढले, आणि त्यांचा हात थांबला. रजिस्टर पक्क्या शाईचे होते. त्यात खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही, दिलेला क्रमांक परत घेता येत नाही. दर जूनअखेर सरकारी माणूस येतो, एकेक क्रमांक वाचतो आणि ती वस्तू जागेवर आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. नसली तर गहाळ. गहाळ म्हणजे चौकशी. साहेबांना हे सगळे ठाऊक होते. तो नियम त्यांच्याच सहीने निघाला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "दर जूनमध्ये तासभर येऊन बसेन. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा कुणी मोजतंय, हे काय थोडं झालं?"

साहेब हसत गेले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, पाहुणा यायचा असला की त्याची नोंद आधी करतात, मोतीराम! आधी! नाव, गाव, कधी येणार, सगळं लिहून ठेवतात. म्हणजे तो आल्यावर दारात उभं करून त्याचे दात मोजावे लागत नाहीत!"

"बरं झालं जी, सांगितलं. आता चुकणार नाही."

मॅडमनी मोतीरामला प्रमाणपत्र दिले. नोंदी उत्तम, असे त्यात लिहिले, कारण ते खरे होते. पण गावंडे सरांना त्यांनी वेगळे पत्र लिहिले आणि पाकीट चिकटवून मोतीरामच्याच हाती दिले. तोंडावर सांगायला त्यांना जड गेले. शेवटचे तीन दिवस मागच्या दाराने काहीच आले नाही, तरी मोतीराम रजिस्टरात मान घालून लिहीतच होता. मॅडमनी ते लांबून पाहिले, आणि पाकीट परत मागावे असे क्षणभर त्यांना वाटले. पण त्यांनी मागितले नाही.

गावी आल्यावर मोतीरामने प्रमाणपत्र आणि पाकीट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. कविता दारात उभी होती. गावंडे सरांनी पत्र वाचले आणि घडी घातली.

"काय लिहिलंय सर?"

"लिहिलंय, मुलगा गुणी आहे. पण यापुढं तुमच्या कॉलेजचा कुणी नको. माझी सोसायची एवढीच ताकद आहे, म्हणतात मॅडम." सरांनी चष्मा काढला. "संपलं, कविता."

कविताने वही पिशवीत टाकली आणि पिशवीचा बंद दोनदा बांधला.

"असं कसं?" मोतीराम म्हणाला. "तिची नोंद तर मी करून आलो."

"गप बस, मोतीराम," सर म्हणाले.

आठव्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतला फोन वाजला. देगावकर मॅडमचा आवाज एवढा मोठा होता की दारात उभ्या असलेल्या कविताला आणि मोतीरामलाही ऐकू आला.

"सर, ही कविता राठोड कोण?"

"आमची विद्यार्थिनी. का हो?"

"आमच्या रजिस्टरात चढलीय ती! पक्क्या शाईत! वाचते, ऐका. क्रमांक सहाशे चाळीस. विद्यार्थिनी. एक नग. पैनगंगाकाठचा तांडा. अवस्था: हुशार, थोडी तापट. कीड: नाही. येण्याची तारीख: पुढच्या वर्षी, एक मे. सर, पुढच्या जूनमध्ये तो माणूस पडताळणीला येणार. सहाशे चाळीस कुठंय म्हणून विचारणार. ती जागेवर नसली तर चौकशी माझी!"

"मग काय करायचं म्हणता?" सरांनी जीव मुठीत धरून विचारले.

"काय करायचं म्हणजे? पाठवा तिला! एक मेच्या आत पाठवा!"

कविताने दारातच पिशवी छातीशी धरली. सर खुर्चीतून अर्धे उठले. "पाठवतो मॅडम! नक्की पाठवतो! फार उपकार झाले!"

"थांबा," मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. "मी आत्ता पान उलटलं. सहाशे एक्केचाळीस. विद्यार्थी. एक नग. तुमचंच कॉलेज. त्याच्या पुढच्या वर्षी, एक मे. नाव: अजून ठरलेले नाही. सहाशे बेचाळीस, त्याच्या पुढच्या वर्षी. आणि हा सहाशे सत्तर, नाव: अजून जन्मलेला नाही. सर, पानंच्या पानं भरलीत."

"कुठपर्यंत?"

"हजारपर्यंत. तीनशे एकसष्ट नग. तीनशे एकसष्ट वर्षं!"

गावंडे सरांनी फोनवर हात ठेवला आणि मोतीरामकडे पाहिले. "अरे, हे काय करून आलास?"

"तुम्हीच दरवर्षी एक म्हणाला होतात ना जी," मोतीराम मान खाली घालून म्हणाला. "अजूनही लिहिले असते. रजिस्टरच संपलं."